शेतातून तेलाची पाइपलाइन जाणार असेल तर: सहीआधी आणि सहीनंतर काय तपासायचं

कंपनीचा माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्या हातात नकाशा असतो, आणि त्या नकाशावर तुमच्या शेतातून एक रेघ आधीच ओढलेली असते. तो गोड बोलतो, घाई करतो, शेजाऱ्यांनी सह्या केल्यात असंही सांगतो. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पाइपलाइन हवी की नको हा निर्णय अनेक देशांत जमीनमालकाच्या हातात पुरता राहत नाही. पण कंपनी कशी आहे आणि तिच्या कामाने माती, पाणी, पीक यांचं काय होतं आहे, हे तपासायला कुणी तुम्हाला अडवू शकत नाही.

एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, ती आधीच सांगतो. पाइपची सगळी माहिती कंपनीकडे असते. जमीन खोदाईआधी कशी होती, याची नोंद मात्र कुणाकडेच नसते. ती तुम्हीच करायची आणि चर खणायच्या आधी करायची. एकदा यंत्र फिरलं की मग कितीही पैसे खर्च केले तरी ती नोंद मिळत नाही.

पहिली भेट: ऐका, लिहा, सही नको

आलेला माणूस बहुतेकदा कंपनीचा नोकर नसतो, ठेकेदाराचा असतो. त्याचं नाव, ओळखपत्र आणि तो नेमका कुणासाठी काम करतो हे विचारून घ्या. समोर ठेवलेला कागद फक्त मोजणीच्या परवानगीचा आहे की वापरहक्काचा, म्हणजे पाइपसाठी जमीन वापरू देण्याचा, हे नीट वाचा. दोन्ही एकाच कागदात असतील तर वेगळे मागा. मोजणीला हो म्हटलं म्हणजे पाइपलाइनला हो म्हटलं असं होत नाही, पण कागद तसं म्हणत असेल तर होतं.

एक जाडजूड वही याच दिवशी सुरू करा. तारीख, वेळ, कोण आलं, काय म्हणालं, सोबत आपलं कोण होतं, हे सगळं त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. "बांध पूर्ववत करून देऊ", "पाणी कुठे अडणार नाही" अशी तोंडी आश्वासनं कागदावर आली नाहीत तर कामाच्या गडबडीत विरून जातात. मग कंपनीला पत्र लिहून पाच गोष्टी विचारा: पाइपमधून नेमकं काय वाहणार, पाइपचा व्यास आणि कमाल दाब किती, पाइप किती खोल असणार, कामापुरती किती रुंद पट्टी लागणार आणि कायमची किती राहणार, आणि दुसरा कोणता मार्ग तपासला होता का. उत्तर लेखी मागा. उत्तर आलं नाही तर तेही वहीत लिहा.

पहिल्या प्रश्नाला "तेल" एवढंच उत्तर आलं तर थांबू नका. कच्चं तेल, डिझेल, पेट्रोल आणि पातळ केलेलं डांबरी तेल सांडल्यावर सारखं वागत नाहीत. पेट्रोल लवकर उडतं, पण त्यातलं बेन्झीन हे विषारी रसायन पाण्यात विरघळतं आणि भूजलाबरोबर दूर जातं. डांबरी तेलातला पातळ भाग उडून गेला की उरलेलं जड तेल पाण्याच्या तळाशी बसू शकतं.

कंपनी कुणाची, आणि तिचा इतिहास काय

करारावर जे नाव असतं ती कित्येकदा फक्त या पाइपलाइनसाठी काढलेली उपकंपनी असते. तिच्याकडे पाइपशिवाय मालमत्ता नसेल, तर मोठ्या गळतीनंतर भरपाई मागायची कुणाकडे? म्हणून मूळ कंपनी कोण, ती लेखी हमी देते का, विमा किती रकमेचा आहे, आणि पाइपलाइन उद्या दुसऱ्याला विकली तर जबाबदारी कुणाची, हे विचारा.

मग अपघातांचा इतिहास शोधा. अमेरिकेत पाइपलाइन सुरक्षेची सरकारी संस्था अपघातांची आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवते. इतर देशांत नियामक संस्थांचे आदेश, न्यायालयाचे निकाल आणि जुनी वर्तमानपत्रं धुंडाळावी लागतात. नुसता अपघातांचा आकडा बघून काही कळत नाही, कारण जिच्या पाइपलाइनी जास्त तिचे अपघातही जास्त. प्रत्येक घटनेत तीन गोष्टी बघा. गळती कशामुळे झाली, ती पहिल्यांदा कुणाला दिसली, आणि पाइपलाइन बंद व्हायला किती वेळ लागला.

याचं महत्त्व कळायला एकच उदाहरण पुरे आहे. २५ जुलै २०१० रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मार्शल गावाजवळ एनब्रिज कंपनीची १९६९ साली टाकलेली ३० इंची पाइपलाइन फुटली. नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे वाजत होते. तिथल्या लोकांनी त्यांचा अर्थ वेगळाच लावला आणि फुटलेल्या पाइपमधून दोनदा पुन्हा तेल सोडलं. १७ तास असेच गेले. शेवटी कळवलं ते गॅस पुरवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने. तोवर ३० लाख लिटरहून जास्त तेल ओढ्यातून कलमॅझू नदीत गेलं होतं, आणि जड तेल तळाशी बसल्यामुळे नदीचा तळ उपसावा लागला. सरकारी चौकशीत निघालं की पाइपच्या त्याच भागातले दोष २००५ च्या तपासणीत दिसले होते, तरी दुरुस्ती झाली नव्हती.

म्हणून कंपनीला "तपासणी करता का" असं विचारू नका, करतो म्हणतील. पाइपच्या आतून फिरणारं तपासयंत्र, ज्याला या धंद्यात "पिग" म्हणतात, ते शेवटचं कधी फिरवलं, त्यात किती दोष सापडले आणि त्यातले किती दुरुस्त केले, असं विचारा.

कायदा कुठवर साथ देतो

देशागणिक कायदा वेगळा असतो, त्यामुळे जमिनीच्या प्रकरणांत मुरलेल्या वकिलाला एकदा भेटाच. तो कंपनीने सुचवलेला नसावा. भारतातलं उदाहरण घेतलं तर १९६२ च्या पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायद्याने जमीन मालकाचीच राहते, फक्त तिच्या वापराचा हक्क घेतला जातो. अधिसूचना लोकांना उपलब्ध झाल्यापासून हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात, लेखी हरकत घेतली तर सुनावणीचा हक्क असतो. नुकसानभरपाईशिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते, आणि ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. त्या पट्टीत पुढे घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळं खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. पाइप जमिनीपासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवर टाकता येत नाही.

पर्यावरणाच्या बाबतीत मात्र फार लोकांचा गैरसमज असतो. एवढी मोठी पाइपलाइन आहे म्हणजे सरकारने परिणामांचा अभ्यास केलाच असेल, असं वाटतं. भारतात २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार तेलाच्या पाइपलाइनला आगाऊ पर्यावरण मंजुरी लागते ती राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, प्रवाळ क्षेत्रं आणि संवेदनशील भागांतून जाताना. साध्या शेतातून जाणाऱ्या भागासाठी ती लागत नाही. म्हणजे तुमच्या विहिरीचं आणि मातीचं काय होईल याचा कागद सरकारदरबारी असेलच, असं गृहीत धरता येत नाही. तुमच्या देशात काय नियम आहे ते याच प्रश्नाने सुरू करून शोधा: माझ्या शेताचा अभ्यास कुणी केला आहे का, आणि केला असेल तर मला तो वाचायला मिळेल का?

जमिनीचा पंचनामा

हे काम दोन-तीन दिवसांचं आहे. इतर सगळं घाईत उरकलं तरी चालेल, हे मात्र निवांतपणे करा. सोबत एक-दोन शेजारी घ्या, म्हणजे नोंदीला साक्षीदारही होतील.

सुरुवात फावड्याने करा. आखलेल्या पट्टीत तीन-चार ठिकाणी गुडघाभर खोल खड्डा घ्या, त्याची एक बाजू उभी तासून काढा आणि उन्हात नीट बघा. वरची माती गडद, भुसभुशीत, मुळांनी आणि गांडुळांच्या छिद्रांनी भरलेली दिसेल. एका ठरावीक खोलीवर रंग बदलतो, मुळं विरळ होतात, ढेकूळ हाताने सहज फुटत नाही. ती सीमा कुठे आहे ते टेप लावून मोजा, टेपसकट फोटो काढा. कुठे ती वीतभर खाली असेल, कुठे चार बोटांवरच. हा आकडा पुढे सोन्याच्या मोलाचा ठरतो, कारण वरची माती किती खोलीपर्यंत वेगळी काढून ठेवायची ते यावरूनच ठरतं. कंपनी सगळीकडे एकच सरसकट आकडा धरून चालते.

दोन्ही थरांचे नमुने वेगळ्या पिशव्यांत भरा आणि प्रयोगशाळेकडून सेंद्रिय कर्ब, सामू, क्षारता आणि अन्नद्रव्यं तपासून घ्या. घट्टपणा मोजायला साधी लोखंडी सळई पुरते. ओल असताना ती हाताने दाबून कुठवर जाते ते पट्टीत आणि पट्टीबाहेर दोन्हीकडे मोजून लिहा. काम संपल्यावर तेवढीच ओल असताना, तीच सळई त्याच जागी पुन्हा दाबायची आहे.

मग पाणी. पट्टीच्या जवळच्या आणि उताराच्या बाजूच्या प्रत्येक विहिरीचं, कूपनलिकेचं पाणी तपासा. नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत तेलाचे घटक नसतात, ते वेगळे सांगावे लागतात: बेन्झीन, टोल्युइन, इथाइलबेन्झीन, झायलीन, आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा. पंप थोडा वेळ चालू ठेवून मग बाटली काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडासुद्धा राहू देऊ नका, कारण बेन्झीन त्या हवेत उडून जातं आणि अहवालात खोटं समाधान मिळतं. बाटली बर्फात ठेवून लगेच पोचवा. एकदा उन्हाळ्याच्या शेवटी आणि एकदा पावसानंतर, असे दोन अहवाल हाती असले तर उत्तम. खर्च होतो हे खरं आहे. चार-पाच जणांनी मिळून केला तर झेपतो, आणि कंपनीनेच पैसे द्यावेत अशी मागणीही करता येते. फक्त नमुना तुमच्यासमोर घेतला जावा आणि अहवालाची मूळ प्रत तुमच्याकडे यावी.

शेवटी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत चित्रीकरण करा. पावसात पाणी कुठे साचतं, कुठून वाहून जातं ते नकाशावर काढा. मागच्या तीन ते पाच हंगामांचं उत्पादन, विक्रीच्या पावत्या, झाडांची संख्या आणि वयं एकत्र ठेवा. सगळ्याच्या दोन प्रती करा आणि एक घराबाहेर ठेवा.

करारातले सापळे

छापील करार बहुधा कंपनीच्या सोयीचा असतो. "एक किंवा अधिक पाइपलाइन" असे शब्द असतील तर ते खोडायला लावा, नाहीतर उद्या त्याच पैशात दुसरा पाइप येतो. काय वाहून न्यायचं ते नाव घेऊन लिहून घ्या. वरची माती वेगळी काढून वेगळीच परत टाकण्याची अट तुम्ही मोजलेल्या खोलीसकट घाला. पिकाची भरपाई फक्त खोदाईच्या हंगामापुरती नको. अमेरिकेत डकोटा अ‍ॅक्सेस पाइपलाइन गेलेल्या पट्टीवर आयोवा स्टेट विद्यापीठाने अभ्यास केला, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत मक्याचं उत्पादन सुमारे १५ टक्के आणि सोयाबीनचं सुमारे २५ टक्के घटलेलं दिसलं. कारणं तीच: माती दबली आणि थर मिसळले.

खोलीचं कलम नीट वाचा. अमेरिकी नियमांत साध्या शेतात पाइपवर बांधणीवेळी ३६ इंच माती लागते, पण पुढे धूप होऊन ती कमी झाली तर पुन्हा तितकी करण्याचं बंधन त्याच नियमात नाही. कित्येक ठिकाणी हेच होतं, आणि खोल नांगरताना फाळ पाइपला लागला तर बोट शेतकऱ्याकडे दाखवलं जातं. म्हणून ठरावीक वर्षांनी खोली मोजून लेखी कळवण्याची जबाबदारी करारातच कंपनीवर टाका.

आणि पाइपलाइन बंद पडल्यावर काय, हे विचारायला विसरू नका. पाइप काढणार की आतून स्वच्छ करून जागीच ठेवणार, खर्च कुणाचा, तोवर त्याच्या देखभालीचं काय. सही करणाऱ्याच्या हयातीत हा प्रश्न येणार नाही कदाचित, पण शेत पुढच्या पिढीकडेही जायचं आहे.

ही सगळी घासाघीस एकट्याने करू नका. एकाच रेघेवरच्या दहा जणांनी एकच मागणीपत्र, एकच वकील आणि एकच मृदातज्ज्ञ ठरवला तर कंपनीची भाषा बदलते. "इतरांनी सह्या केल्यात" हे खरं की खोटं, तेही एका बैठकीत कळतं.

खोदाई चालू असताना

रोज एक फेरी मारा. चरात उतरू नका, यंत्राजवळ जाऊ नका. बांधावरून दिसतं तेवढं पुरे आहे. मातीचे ढीग दोन दिसले पाहिजेत, गडद आणि फिका, मध्ये मोकळी जागा ठेवून. एकच ढीग दिसला तर त्याच क्षणी फोटो काढा आणि लेखी कळवा. पाऊस पडून गेल्यावर ओल्या रानात अवजड यंत्रं घातली तर चाकांच्या चाकोऱ्या किती खोल गेल्या ते मोजा. त्या दिवसापुरतं काम थांबवण्याची अट करारात असेल तर ती इथे कामाला येते.

पाइप खाली सोडण्याआधी त्याच्या गंजरोधक लेपावरून विजेचं तपासयंत्र फिरवतात. लेपात भोक असेल तिथे ठिणगी पडते. ही तपासणी होताना दिसली का? चरात टोकदार दगड होते का, की पाइपखाली मऊ माती किंवा वाळू अंथरली? पाइप सरळ बसला की ओढून-ताणून बसवला? हा शेवटचा प्रश्न फुकाचा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात कीस्टोन पाइपलाइन फुटून सुमारे १३ हजार बॅरल (एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर) तेल शेतात आणि ओढ्यात गेलं. तिथे वेल्डिंगच्या एका सांध्यापासून तडा वाढत गेला होता, आणि त्या जागी पाइपवर वाकवणारा ताण होता.

चर बुजवण्याआधी पाइपची खोली टेपने मोजून घ्यायला लावा. शेवटी पाण्याचा दाब देऊन पाइपची चाचणी होते. ते पाणी कुठून आणलं आणि कुठे सोडलं तेही विचारा.

तेल वाहू लागल्यावर

गळती शोधणारी यंत्रणा आहे, असं कंपनी अभिमानाने सांगते. ती किती टक्के गळतीपर्यंत ओळखते ते विचारा. दिवसाला ५ लाख बॅरल वाहणाऱ्या पाइपलाइनमध्ये यंत्रणेला १ टक्क्याखालची गळती कळत नसेल, तर दिवसाला जवळपास ५ हजार बॅरल, म्हणजे सुमारे ८ लाख लिटर तेल, त्या यंत्रणेच्या नजरेआड जमिनीत जाऊ शकतं.

सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात टायोगा गावाजवळ नेमकं हेच झालं. गव्हाची कापणी चालू असताना एका शेतकऱ्याला आपल्याच रानात तेल बुडबुडत वर येताना दिसलं. सहा इंची पाइपला पडलेलं भोक पाव इंचाच्या आसपास होतं. त्यातून २० हजारांहून जास्त बॅरल तेल बाहेर पडलं होतं, आणि ती माती उकरून, भाजून स्वच्छ करायला पाच वर्षांच्या आसपास लागली.

म्हणून महिन्यातून एकदा पट्टीवरून चालत जा. एकाच पट्ट्यात पीक विनाकारण पिवळं पडणं, कोरड्या दिवसांत ओल दिसणं, डबक्यावर इंद्रधनुषी तवंग येणं, डिझेलसारखा वास येणं ही लक्षणं आहेत. तवंग काडीने ढवळून बघा: लोहाच्या जीवाणूंचा असेल तर पापुद्र्यासारखा फुटतो आणि तुकडे अलग राहतात, तेलाचा असेल तर लगेच पुन्हा एक होतो.

शंका आली तर आधी माणसं आणि जनावरं वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब न्या. आगकाडी ओढू नका, ट्रॅक्टर किंवा पंप चालू करू नका, आणि फोन लांब गेल्यावरच करा. कंपनीचा आपत्कालीन क्रमांक आणि सरकारी आपत्कालीन क्रमांक, दोन्हीकडे कळवा, वेळ लिहून ठेवा. कंपनीकडे कळवलं म्हणजे सरकारला कळलं असं समजू नका.

नंतर नुकसानीचा प्रश्न येतो, आणि तिथे कंपनीचं हमखास उत्तर असतं की पाइप कुणीतरी मुद्दाम फोडला. नायजेरियातल्या शेतकऱ्यांनी २००८ मध्ये शेल या तेल कंपनीविरुद्ध नेदरलँड्समध्ये दावा लावला, तेव्हाही बचाव हाच होता. हेगच्या अपील न्यायालयाने २९ जानेवारी २०२१ रोजी ओरुमा आणि गोई इथल्या गळत्यांबाबत शेलच्या नायजेरियन कंपनीला जबाबदार धरलं, कारण घातपात झाल्याचं तिला पुरेसं सिद्ध करता आलं नव्हतं. दावा लावणाऱ्यांपैकी काही जण तोवर हयात नव्हते.

गळती झालीच तर जागा सुरक्षित असल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितल्यावर माती आणि पाण्याचे नमुने तुमच्यासमोर घ्यायला लावा. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करायला सांगा, दोन्ही बाटल्यांवर तारीख आणि दोघांच्या सह्या घ्या. एक बाटली कंपनी नेईल. दुसरी तुम्ही स्वतः प्रयोगशाळेत पोचवा, आणि सोबत खोदाईआधीचा विहिरीचा अहवालही न्या.